दारातल्या मुलीचा प्रवेश

मिलवॉकी
१४ जानेवारी २०२४

थर्मन,

पाकिटावरचा पत्ता मार्केलच्या अक्षरात आहे, कारण माझं अक्षर ओळखून तू ते न फोडताच बाजूला ठेवशील अशी मला भीती होती. टकोमाचा तुझा पत्ता आपल्या चुलतबहिणीने, ओरलीने दिला. तिच्यावर रागवू नकोस, मी तिला चर्चच्या दारात गाठून छळलं.

येत्या मार्चमध्ये आपल्या बेकरीला तीस वर्षं होतील. आपली म्हणते, कारण दारावरच्या पाटीवर अजून आपल्या दोघा बहीणभावांची नावं आहेत. पाव भाजणारा शेवटचा माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, पाटीवर कलाकेंद्र लिहिलंय, तरी मुलं घरी सांगताना 'बेकरीत जातोय' असंच म्हणतात. भट्टीच्या खोलीत अजून गाणी रेकॉर्ड होतात. भिंतींना तू ठोकलेल्या गाद्या तशाच आहेत, फक्त एक कोपरा उंदरांनी खाल्लाय. तू ज्याला ड्रम शिकवलेस तो मार्केल आता एकतीस वर्षांचा आहे आणि नाटकाचा वर्ग घेतो. तरुण मुलं त्याला म्हातारा म्हणतात, मग मला काय म्हणत असतील ते मी विचारत नाही.

तिसाव्या वर्षानिमित्त मुलं नाटक करतायत. ताविया बीचम नावाची सतरा वर्षांची मुलगी आहे, तिनेच लिहिलंय. मीच त्यांना म्हटलं होतं, आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा, दक्षिणेतून इथे कसे आले, कसे राहिले ते विचारा, जे सांगतील ते घेऊन या. ताविया वृद्धाश्रमात जाऊन मिस लुव्हिनियाच्या केसांच्या बारीक वेण्या विणून देते आणि विणता विणता ऐकते. आपल्या समोरच्या घरातली मिस लुव्हिनिया. ब्याण्णव वर्षांची झाली, कान गेलेत, जीभ शाबूत आहे.

मला एक छोटीशी गोष्ट विचारायची होती. सोळाव्या रस्त्यावरच्या आपल्या लहानपणच्या घराला पोर्चच्या पायऱ्या चार होत्या की पाच? मुलं नेपथ्य बांधतायत. मिस लुव्हिनिया चार म्हणते, मला पाच आठवतात.

एवढंच विचारायचं होतं.

डीली


४ फेब्रुवारी

थर्मन,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज पेटी उघडून बघते.

नाटकातला एक प्रवेश मी काढून टाकायला सांगितला. मुलांना सांगितलं की नाटक लांबतंय. ते खरं आहे, दोन तासांच्या वर जातंय.

प्रवेश एका बापाचा आहे. फाउंड्रीतली नोकरी गेलेला बाप घर सोडून जातो, काही महिन्यांनी परत येतो, आणि दारात जे घडतं ते घडतं. कुणाचीच नावं नाहीत. नुसतं 'बाप', 'मुलगी'. मी तालमीला मागच्या खुर्चीवर बसले होते आणि मार्केलच्या म्हणण्याप्रमाणे मध्येच उठून उभी राहिले. मला उभं राहिलेलं आठवत नाही.

मग ताविया माझ्या खोलीत आली. तिला सवय आहे, दार वाजवते आणि 'ये' म्हणायच्या आधी आत येते.

"मिस डी, लांबतंय म्हणून काढायचं असेल तर मी मासळीवाल्याचा प्रवेश काढते. तो नऊ मिनिटांचा आहे. हा चारच मिनिटांचा आहे."

"मासळीवाल्याला लोक हसतात."

"मग यात काय चुकलंय? खोटं आहे?"

"मी खोटं म्हटलं नाही. हे आपलं नाही, एवढंच म्हणतेय. कुणाच्या तरी घरातली गोष्ट आहे."

"सगळंच कुणाच्या तरी घरातलं आहे," ती म्हणाली. "माझ्या आजीची तर अख्खी किडनी आहे त्यात. तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या."

मी तिला म्हटलं, या बेकरीत शेवटचा शब्द माझा असतो. थर्मन, हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मला तू दिसलास, हाताची घडी घालून भट्टीला टेकून उभा. आपण ही जागा कशासाठी घेतली होती? आपल्या काळ्या पोरांना या गावात स्वतःची गोष्ट सांगायला तरी कुणाची परवानगी मागायला लागू नये म्हणून. पहिल्या दिवशी खडूने भिंतीवर तूच ते लिहिलं होतंस. मी त्यावर कधीच रंग लावू दिला नाही.

मला कळत नाहीये मी काय करतेय.

डीली


१८ फेब्रुवारी

थर्मन,

मुलं गेली. अकरा जणं. ताविया नाटक घेऊन तिच्या मामाच्या सलूनमध्ये गेली आहे. सोमवारी सलून बंद असतं तेव्हा खुर्च्या भिंतीला सरकवून तालीम करतात. बेकरीत आता लहानांचा चित्रांचा वर्ग तेवढा भरतो आणि मोठी खोली रिकामी असते. नेपथ्याच्या पायऱ्या अजून इथेच पडल्यात. पाच आहेत. माझं ऐकून पाचच केल्या होत्या.

मार्केल गेला नाही, पण आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. काल म्हणाला, "मिस डी, मी चौदाचा होतो तेव्हा तुम्ही मला इथे उभं करून माझ्या भावाच्या तुरुंगाबद्दल बोलायला लावलंत. माझी आई पहिल्या रांगेत होती. मी म्हटलं, मला लाज वाटते. तुम्ही म्हणालात, वाटू दे आणि बोल."

"मग तुला त्रास झाला का त्याचा?"

"झाला. आणि बरंही वाटलं. ते सोडा. मला एवढंच सांगा, तो नियम फक्त आमच्यासाठी होता का?"

मी त्याला म्हटलं, माझं डोकं दुखतंय. खरंच दुखत होतं.

तुला कळलं असेलच. आपल्या डॅडींचा प्रवेश आहे तो.

डीली


३ मार्च

थर्मन,

हे पत्र मी चारदा लिहिलं. आधीच्या तिन्हींमध्ये मी बरी दिसत होते, म्हणून फाडली.

डॅडी गेले ते एकाहत्तर सालच्या जानेवारीत. तू सहा वर्षांचा होतास, मी चौदा. आईशी भांडण झालं, दिवाणखान्यातला दिवा फुटला आणि ते गेले. पन्नास वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय की दिवा डॅडींनी फेकला. तावियाच्या वहीत मिस लुव्हिनियाचे शब्द आहेत: 'बाईने दिवा फेकला, बाप्याने खाली बसून काचा गोळा केल्या.' मी वाचलं आणि मला एकदम त्यांची वाकलेली पाठ दिसली, काचा गोळा करताना. आता मला कळत नाही की ती मला आठवली, की वाचली म्हणून दिसली.

लहानपणी तुला इतकंच ठाऊक होतं की ते परत आले नाहीत. ते आले होते हे तुला पुढे कळलं, थर्मन, पण दारात कोण होतं ते नाही.

मे महिन्यातला शनिवार होता, सकाळचे दहा-साडेदहा. आई हॉटेलात चादरी बदलायला गेली होती. तू स्वयंपाकघरात टेबलाखाली रिकाम्या रिळांची आगगाडी करत होतास आणि तोंडाने तिचा आवाज काढत होतास. बेल वाजली. मी दार उघडलं. डॅडी होते. हातात बॅग होती. त्यांनी टोपी काढली. चौदा वर्षांच्या मुलीसमोर टोपी काढून उभे राहिले.

म्हणाले, "आई आहे का घरात?"

मी म्हणाले, "आई म्हणाली, तुम्ही येऊ नका. तुमच्याशिवाय आमचं बरं चाललंय."

"असं म्हणाली ती?"

"हो."

"थर्मन कुठंय?"

"झोपलाय."

आणि तू आत शिट्टी फुंकत होतास. त्यांना ऐकू गेलं असणार. ते जरा वेळ तसेच उभे होते, मान किंचित कलती करून. मग पायऱ्या उतरले. टोपी त्यांनी फुटपाथवर गेल्यावर घातली.

आई असं काहीही म्हणाली नव्हती. ती तर त्यांची वाट बघत होती, मला माहीत होतं. मग मी तसं का म्हणाले? त्या पाच महिन्यांत घरात कुणी ओरडत नव्हतं, हे एक. आई संध्याकाळी माझ्याशी मोठ्या बाईशी बोलावं तसं बोलायची, हे दुसरं. आणि कधी कधी वाटतं की दोन्ही कारणं मी नंतर तयार केली, तेव्हा मी नुसतंच बोलले. मी किती वेळा त्या दारात परत जाऊन उभी राहिलेय. तिथे मला मी सापडत नाही. नुसता तोंडातून निघालेला आवाज ऐकू येतो.

इथवर कदाचित तू मला माफ करशील. चौदा वर्षांची होते. पुढचं चौदाव्या वर्षीचं नाही.

तू बावीस वर्षांचा असताना दक्षिणेत पाइन ब्लफला जाऊन डॅडींना शोधून काढलंस. परत आलास तेव्हा बसस्टँडवरून तुला आणायला मी आले होते. गाडीत तू म्हणालास, "आईने त्यांना दारातून घालवलं. ते परत आले होते, डीली. तिने निरोप दिला की नको." सिग्नल हिरवा झाला होता, मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. मी म्हणाले, "असेल."

एवढंच. असेल. एका शब्दात मी तुझी आई तुझ्याकडून काढून घेतली.

त्यानंतर तू तिच्याशी कसा वागलास ते मी बघत राहिले. डॅडी वारले तेव्हाही मी बोलले नाही. आपण बेकरी काढली, सतरा वर्षं खांद्याला खांदा लावून काम केलं, तेव्हाही नाही. दोन हजार अकरात आई इस्पितळात पडली, तू आला नाहीस, तेव्हा तुला फोन करून एक वाक्य सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आणि आईच्या मयतानंतर चर्चच्या तळघरात सगळे जेवायला बसले असताना मी उभी राहिले आणि साऱ्या नातेवाइकांदेखत तुला दगडाच्या काळजाचा म्हणाले. लोकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तू ताट ठेवलंस, कोट घेतलास आणि गेलास. बारा वर्षं झाली.

तो राग खरा होता, हे तुला खरं वाटेल का? मी तिथे उभी होते आणि मला खरंच तुझा राग आला होता. हेच मला उलगडत नाही. एकाच अंगात हे दोन्ही कसं मावत होतं?

हे पत्र उद्या सकाळी टाकते. मग तावियाकडे जाणार आहे.

अर्डेलिया


३१ मार्च
ईस्टर

थर्मन,

तुला हवं असो-नसो, काय झालं ते लिहिते. तुझ्या नावाचं पाकीट परत आलेलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस.

सोमवारी सलूनमध्ये गेले. मुलांनी तालीम थांबवली. तावियाचा मामा म्हणाला, "मिस डी, बसा, पण केस कापायचे नसतील तर त्या खुर्चीवर नको." मी तावियाला बाहेर बोलावलं. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता. आम्ही दोघी पत्र्याखाली उभ्या राहिलो. मी म्हटलं, दारातली मुलगी मी आहे.

ती म्हणाली, "माहितीय."

"मिस लुव्हिनियाने सांगितलं?"

"नाही. तुम्ही तालमीत उठून उभ्या राहिलात तेव्हा कळलं." मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही येऊन सांगाल की ती मुलगी वाईट नव्हती."

"मला माहीत नाही वाईट होती का."

तावियाने बुटाचा चिखल भिंतीला पुसला. "मी तिला एक भाषण दिलंय," ती म्हणाली. "बाप गेल्यावर ती प्रेक्षकांकडे वळून सांगते, का केलं ते. छान आहे भाषण. सगळे म्हणतात छान आहे."

"असू दे मग."

"नाही, काढते. तुम्हाला सदुसष्ट वर्षांच्या होऊनही माहीत नाही, तर तिला चौदाव्या वर्षी कुठून माहीत असणार?"

नाटक काल झालं, बेकरीतच. मुलांनी स्वतःच ठरवलं, मी विनवलं नाही, विनवायला तोंडही नव्हतं. दीडशे खुर्च्या लावल्या आणि त्याही पुरल्या नाहीत. मासळीवाल्याला लोक इतके हसले की त्या मुलाला संवाद परत म्हणावा लागला. मग तो प्रवेश आला. मुलीचं काम डोनेला नावाच्या पंधरा वर्षांच्या पोरीने केलं. तिने 'तुमच्याशिवाय आमचं बरं चाललंय' म्हटलं आणि बाप पायऱ्या उतरून गेला. मग ती नुसती उभी राहिली. भाषण नाही, संगीत नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभी. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "बोल, पोरी." दुसऱ्या बाजूने एक बाई म्हणाली, "बोल, बाळ, आम्ही ऐकतोय." डोनेला बोलली नाही. चर्चमध्ये कुणी साक्ष द्यायला उभं राहून अडखळलं की सगळे सांभाळून घेतात ना, तशी अख्खी खोली तिला सांभाळत होती आणि ती गप्प होती.

मी चौथ्या रांगेत होते. माझ्या शेजारच्या माणसाला मी कोण ते माहीत नव्हतं. तो मला म्हणाला, "कठीण आहे हो." मी म्हटलं, "हो."

रडू आलं नाही. हलकं वाटलं नाही. लाजही हवी तेवढी वाटली नाही. मला काय वाटलं, त्याचा मला अजून थांग लागत नाहीये.

बेकरीच्या किल्ल्या मी आज मार्केलला दिल्या. तो घेईना. मग म्हणाला, ठेवून घेतो, पण तुम्ही मंगळवारी लहानांच्या वर्गाला यायचं. येईन म्हटलं.

अर्डेलिया


२१ एप्रिल

थर्मन,

तुझं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ, 'आईला माहीत होतं का?' खाली नावसुद्धा नाही. तुझा तो उलटा झुकलेला 'आ' बघून मी पेटीपाशीच पायरीवर बसले. शेजारीण विचारायला आली, पडलात का म्हणून.

माझ्या मनात उत्तर तयार होतं. नाही, तिला काही माहीत नव्हतं. तेच लिहायला बसले होते. पण मग वाटलं, मी आयुष्यभर तुला माझ्या मनात तयार असलेलीच उत्तरं दिलीत. म्हणून काल मिस लुव्हिनियाकडे गेले.

ताविया तिथेच होती, केस अर्धे विणून झाले होते. मी मिस लुव्हिनियाच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, "त्या शनिवारी तुम्ही पोर्चवरून बघितलंत, ते आईला कधी सांगितलं होतं का?"

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "सांगितलं की. त्याच संध्याकाळी. ती कामावरून येत होती, मी तिला गेटपाशीच थांबवलं. म्हटलं, तुझा नवरा आला होता आणि तुझ्या पोरीने त्याला परत धाडलं. तुझं नाव घेऊन."

"मग?"

"मग काय. पर्स उघडून बघत राहिली. काही शोधत नव्हती, नुसती बघत होती. मी म्हटलं, बसस्टँडवर जा, अजून असेल तो. ती म्हणाली, 'पोरीला काही बोलू नकोस, लुव्हिनिया. तिला वाटू दे की मला माहीत नाही.' आणि घरात गेली. त्या दिवशी तुमच्याकडे मक्याची पोळी केली होती, वास आला होता मला."

ताविया विणायची थांबली होती. मिस लुव्हिनिया तिला म्हणाली, "तू का थांबलीस, मान दुखते माझी."

आई गेली का नाही बसस्टँडवर, मला माहीत नाही. तिलाही ते घर शांत आवडायला लागलं होतं का, की त्यांना परत आणलं तर मी खोटी पडेन म्हणून ती गप्प बसली, हेही माहीत नाही. मिस लुव्हिनियाला विचारलं तर म्हणाली, मी शेजारीण होते, पाद्री नव्हते. जेवढं कळलं तेवढं तुला लिहितेय, त्यात माझं काही घातलेलं नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, हो. तिला माहीत होतं. तू पाइन ब्लफहून आलास आणि बदललास, तेव्हा कशामुळे बदललास हेही तिने ताडलं असणार. एक वाक्य बोलली असती तर तू तिला परत मिळाला असतास, आणि मी तुला दुरावले असते. चोवीस वर्षं तिने ते वाक्य उच्चारलं नाही.

रविवारी तू यायचास, आठवतं? ताट भरून घ्यायचास आणि मागच्या पायऱ्यांवर एकटा जाऊन जेवायचास. आई आणि मी आत टेबलापाशी पुढच्या आठवड्याची पालेभाजी निवडत बसायचो. ती खिडकीतून तुझ्या पाठीकडे बघायची आणि हातातलं पान न खुडता म्हणायची, "त्याला काय झालंय गं, डीली?" मग माझ्याकडे बघायची, बराच वेळ. मी म्हणायचे, "काय माहीत."

मला वाटायचं, तिला माहीत नाही म्हणून ती मला विचारतेय.

डीली